दारातलं आर्जिनीन : डीएनए नकलणाऱ्या एका विकराचं प्रकरण

पीओएलई या मानवी जनुकाच्या संहितेत ८५७ व्या जागी सी हे अक्षर असतं. कर्करोगाच्या काही गाठींमधून काढलेल्या डीएनएत तिथे जी सापडतो. सीसीटीचं सीजीटी होतं आणि त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात २८६ व्या जागी प्रोलीनऐवजी आर्जिनीन येऊन बसतं. प्रथिन २२८६ अमिनो आम्लांचं, त्यातली २२८५ जिथल्या तिथे. तरीही त्या गाठीचा जनुकसंच वाचायला घेतला की दर दहा लाख अक्षरांमागे शंभराहून जास्त उत्परिवर्तनं निघतात. बहुतेक गाठींत हा आकडा एक आकडी असतो.

या बदलाचं रूढ नाव पी२८६आर. २०१३ साली कर्करोग जीनोम अ‍ॅटलस या प्रकल्पाने गर्भाशयाच्या अस्तराच्या ३७३ गाठींचा अभ्यास छापला आणि त्यांचे चार गट पाडले. त्यातल्या एका छोट्या गटात उत्परिवर्तनांचा अक्षरशः पूर आला होता आणि त्या गटातल्या गाठींना जोडणारा धागा होता पीओएलई. या जनुकात बदल पुन्हा पुन्हा ठरावीक जागी येत होते. सर्वांत जास्त वेळा २८६ व्या, त्याखालोखाल ४११ व्या.

तेव्हा सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता. हे दोन्ही बदल विकराच्या ज्या भागात येतात तो भाग चुकीचं अक्षर छाटतो. छाटणी बंद पडली, चुका साचल्या, प्रकरण संपलं. मीही काही वर्षं वर्गात हेच शिकवत होतो. ते पूर्ण खोटं नाही, पण त्या कारणाने या प्रकरणाचा हिशेब जुळत नाही. तो का जुळत नाही हे कळायला विकराच्या आकारात शिरावं लागतं.

विकराचं काम

डीएनएचे दोन धागे उलगडले की एकाची नक्कल सलग होते, दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. ही नक्कल करणाऱ्या विकरांना पॉलिमरेज म्हणतात. सलग नकलण्याचं मुख्य काम पॉलिमरेज एप्सिलॉन करतं, तुकड्यांचं पॉलिमरेज डेल्टा. पीओएलई जनुकातून एप्सिलॉनचा सर्वांत मोठा घटक बनतो. त्याच्यासोबत आणखी तीन छोटे घटक असतात, पण या प्रकरणात त्यांचा हात नाही.

मानवी पेशी एकदा विभागते तेव्हा १२०० कोटींहून जास्त नवी अक्षरं बसवावी लागतात. निव्वळ अक्षर निवडण्यात लाखात एक चूक धरली तरी एका विभाजनात सव्वा लाख चुका होतील. विकराची स्वतःची छाटणी त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव काढते असं समजा, हजार-बाराशे उरतात. त्यांच्यामागे विजोड जोड्या दुरुस्त करणारी वेगळी प्रथिनं फिरत असतात. ती आपलं काम उरकतात तेव्हा शिल्लक अगदी थोडी असते, अब्जात एक किंवा त्याहूनही कमी. या तीन गाळण्यांचे आकडे एकमेकांशी गुणले जातात हे लक्षात ठेवायचं. मधली गाळणी बिघडली तर पहिल्या आणि तिसऱ्या गाळणीवर सगळा भार येतो.

अक्षर कसं निवडलं जातं

शाळेत आपण शिकतो की ए समोर टी आणि जी समोर सी येतो, कारण त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. बंध जुळतात हे खरं, पण बरोबर आणि चूक जोडीच्या बंधांमधला ऊर्जेचा फरक फार मोठा नसतो. नुसत्या त्या फरकावर विसंबलं तर शंभरात एक चूक ठरलेली. लाखात एक इथवर मजल जाते ती विकराच्या खोबणीच्या आकारामुळे.

पॉलिमरेजची पहिली त्रिमिती रचना १९८५ साली थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने दाखवली. तो जिवाणूच्या पॉलिमरेजचा क्लेनाव नावाचा तुकडा होता. रचना अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखी दिसत होती आणि तेव्हापासून तळवा, बोटं, अंगठा हीच नावं चालत आली. डीएनए तळव्यावर टेकतो, अंगठा त्याला धरतो. नवं अक्षर आलं की बोटं आत वळतात आणि त्याला साच्यावरच्या, म्हणजे जुन्या धाग्यावरच्या, अक्षराशी दाबून पाहतात. ए-टी असो वा जी-सी, दोन्ही जोड्यांची रुंदी जवळजवळ सारखी भरते, सुमारे साडेदहा अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). जी समोर टी आला तर जोडी तिरकी बसते, बोटं नीट मिटत नाहीत आणि तळव्यातले दोन मॅग्नेशियम आयन योग्य अंतरावर येत नाहीत. मग रासायनिक जोडणी एक तर होत नाही, किंवा अतिशय रेंगाळत होते.

आकार किती निर्णायक असतो हे एरिक कूल यांच्या गटाने १९९७ साली फार नेटकेपणाने दाखवलं. त्यांनी थायमिनच्या आकाराचा पण हायड्रोजन बंध जवळजवळ न करणारा एक रेणू बनवला आणि तो साच्यात बसवला. क्लेनावने त्याच्यासमोर बिनदिक्कत ए आणून बसवला. बंध नव्हतेच, नुसता आकार जुळत होता. मला हा प्रयोग इतका आवडतो की विषय कुठलाही असला तरी मी तो कुठेतरी घुसवतोच.

पी२८६आर मात्र या खोबणीच्या जवळपासही नाही. बोटं, तळवा, अंगठा सगळं ठीकठाक आहे. बिघाड दुसऱ्या खोलीत आहे.

दोन खोल्या, एक टोक

एप्सिलॉनमध्ये दोन क्रियास्थळं आहेत: एक अक्षर जोडणारं, दुसरं छाटणारं. त्यांच्यात तीस ते चाळीस अँगस्ट्रॉमचं अंतर आहे, रेणूंच्या मापाने बरंच लांब. वाढत्या धाग्याचं टोक एका वेळी एकाच खोलीत असू शकतं. टोकाशी बरोबर जोडी असली तर ते जोडणीच्या खोलीतच राहतं आणि पुढचं अक्षर झटपट येतं. टोकाशी विजोड जोडी आली तर पुढची जोडणी रेंगाळते. त्या उसंतीत टोकाकडची दोन-तीन अक्षरं साच्यापासून सुटतात आणि तो सुटा धागा वळून छाटणीच्या खोलीत शिरतो. तिथे २७५ व्या जागचं अ‍ॅस्पार्टेट आणि २७७ व्या जागचं ग्लुटामेट धातूचे आयन धरून असतात. त्यांच्या मदतीने शेवटचं अक्षर कापलं जातं, टोक परत येतं, काम पुढे सुरू होतं.

छापखान्यातल्या मुद्रितशोधकाशी याची तुलना नेहमी केली जाते. ती मला अर्धीच पटते, कारण मुद्रितशोधक मजकूर वाचतो. इथे वाचणारं कोणी नाही. चूक ओळखली जाते ती वेळेवरून: जोडणी अडली की टोक सुटतं, सुटलं की पलीकडे जातं. खरी शर्यत दोन वेगांमध्ये आहे, पुढचं अक्षर जोडण्याचा वेग आणि टोक छाटणीकडे जाण्याचा वेग. अचूकता या दोन वेगांच्या गुणोत्तरात आहे, आणि गुणोत्तर ठरतं दोन खोल्यांच्या मांडणीवरून. हे पक्कं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

हिशेब कुठे बिघडला

छाटणी बंद पडल्यावर नेमकं काय होतं हे पी२८६आर सापडायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. यीस्टच्या एप्सिलॉनमध्ये छाटणीच्या खोलीतली, आयन धरणारी ती दोन आम्लं २९० आणि २९२ व्या जागी असतात. दोन्हींच्या जागी अ‍ॅलनीन घातलं की छाटणी पूर्ण मरते. असं यीस्ट जगतं आणि त्याच्या चुका वाढतात, पण आभाळ कोसळण्याइतक्या नाहीत. उंदरांतही २००९ च्या अभ्यासात एप्सिलॉनची छाटणी मारली तेव्हा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या उंदरांना गाठी झाल्या. एक प्रत शाबूत असलेले तगले.

गाठींमध्ये मात्र पी२८६आर बहुतेक वेळा एकाच प्रतीत असतो. दुसरी प्रत निरोगी असते, निरोगी विकर बनवत असते, तरी चुकांचा पूर येतो. इथेच पहिली शंका यायला हवी होती.

२०१४ साली पोलिना शेरबाकोवा यांच्या गटाने हा बदल यीस्टमध्ये त्याच्या जुळत्या जागी, म्हणजे ३०१ व्या, घातला. उत्परिवर्तनांचा दर छाटणी पूर्ण मेलेल्या यीस्टपेक्षाही कित्येक पटींनी वर गेला. छाटणी शून्य केल्यावर जेवढ्या चुका होतात, त्याहून जास्त चुका छाटणी बिघडल्यामुळे होतात असं म्हणता येत नाही, कारण शून्याच्या खाली जायला जागाच नसते. म्हणजे हे आर्जिनीन आणखी काहीतरी करत होतं. पुढे २०१८ मध्ये पी२८६आर असलेले उंदीर तयार झाले आणि त्यांना एकाच बिघडलेल्या प्रतीवर वेगवेगळ्या अवयवांच्या गाठी झाल्या.

पेच आणखी वाढवणारा निकाल २०१९ साली आला. शेरबाकोवा यांच्याच गटाने बदललेलं यीस्टचं विकर शुद्ध करून परीक्षानळीत तपासलं. त्यात छाटणी अंशतः शिल्लक होती, आणि नकलण्यात ते छाटणी मेलेल्या विकरापेक्षा जास्त अचूक निघालं. नळीत जास्त अचूक, पेशीत कितीतरी जास्त चुका! पहिल्यांदा वाचताना मी पान उलटून पुन्हा मागे आलो, दोन रकाने अदलाबदल झाले की काय असं वाटून.

आर्जिनीन कुठे बघतंय

त्याच वर्षी स्वीडनमधल्या उमियो विद्यापीठातल्या एरिक योहान्सन यांच्या गटाने बदललेल्या यीस्ट विकराची स्फटिक रचना छापली. विकराच्या हातात डीएनए होता आणि खोबणीत पुढचं न्यूक्लिओटाइड, म्हणजे जोडायचं अक्षर. आधीच्या निरोगी रचनेवर ही नवी रचना ठेवून पाहिली तर तळवा, बोटं, अंगठा तंतोतंत जुळतात. फरक फक्त छाटणीच्या खोलीत आहे, आणि तिथे आर्जिनीनची लांब बाजूसाखळी क्रियास्थळाच्या दिशेने रोखलेली आहे.

प्रोलीन आणि आर्जिनीन यांच्या अंगकाठीतला फरक पाहण्यासारखा आहे. प्रोलीनची बाजूसाखळी आखूड, आणि ती वळून मुख्य कण्यालाच परत जोडलेली. ती कुठे हलत नाही, कुणाच्या वाटेत येत नाही. भिंतीतली गुळगुळीत वीट म्हणा ना. आर्जिनीनची साखळी तीन कार्बन लांब, पुढे एक नायट्रोजन आणि टोकाला धन भार असलेला पसरट गट. धन भार ऋण भाराच्या डीएनएला ओढून घेईल असं वाटतं खरं, पण या ठिकाणी प्रश्न जागेचा आहे. सुट्या धाग्याने ज्या चिंचोळ्या वाटेने आत यायचं, तिथेच हा हात पसरलेला. संगणकावर रेणूंच्या हालचालींचं अनुकरण केलं तेव्हा तो डीएनएला छाटणीच्या स्थळी नीट बसू देत नाही असं दिसलं. अ‍ॅलनीन घातलेल्या विकरात ही अडचण दिसली नाही. हा भाग अनुकरणातून आलेला आहे, स्फटिकात छाटणीच्या खोलीत शिरलेला डीएनए दिसलेला नाही, एवढं भान ठेवून ते वाचायचं. तरी जैवरासायनिक निकालांशी हे चित्र चांगलं बसतं.

आता दोन बिघाड शेजारी ठेवून पाहा. अ‍ॅलनीनवाल्या विकरात कात्री बोथट आहे, पण दार उघडं आहे. विजोड टोक आत जातं, कापलं न जाता काही काळ तिथे रेंगाळतं, परत येतं, पुन्हा जातं. त्या येरझाऱ्यांत पुढची जोडणी खोळंबते. आर्जिनीनवाल्या विकरात कात्रीला थोडीफार धार आहे, पण दार अडवलेलं आहे. टोकाला जायला दुसरी जागाच नाही, म्हणून ते जोडणीच्या खोलीतच थांबतं आणि विकर सुसाट सुटतं. परीक्षानळीत हेच दिसलं: निरोगी विकरापेक्षा खूप जास्त जोडणी, डीएनएच्या गाठीगुंत्यांतून सहज पार जाणं, आणि सगळ्यांत घातक म्हणजे विजोड टोकावरूनही पुढे लिहीत राहणं.

नळीत शहाणं, पेशीत वेडं

नळीत विकर एकटं असतं. अचूकता मोजताना आपण पाहतो की शंभर अक्षरं लिहिली तर त्यात चुका किती. पेशीत मात्र विकर एकटं नसतं, तिथे चूक कुठल्याही मार्गाने पुसली जाऊ शकते.

एप्सिलॉन विजोड टोकावर अडखळलं की ते डीएनए सोडून देऊ शकतं. मग डेल्टा तिथे येतं आणि स्वतःच्या कात्रीने ते टोक साफ करतं. डेल्टा अशा प्रकारे एप्सिलॉनच्या चुका दुरुस्त करतं याचा यीस्टमधला पुरावा २०२० साली आला. छाटणी मेलेलं एप्सिलॉन अडखळतं, म्हणजे डेल्टाला संधी देतं. पी२८६आर अडखळतच नाही. ते चुकीवर पुढची दहा-वीस अक्षरं चढवून मोकळं होतं. टोक आता बरोबर जोडीचं असल्याने डेल्टाला तिथे काही वावगं दिसत नाही. चूक आत गाडली गेली.

एक निरोगी प्रत असूनही पूर का येतो, याचंही उत्तर यात मिळतं. निरोगी विकर अवघड जागी थबकतं, सोडतं, मागे येतं. बदललेलं विकर थबकत नाही, त्यामुळे नकलण्याच्या कामातला मोठा वाटा तेच बळकावत असावं. शेरबाकोवा यांच्या गटाने मांडलेलं प्रतिमान साधारण याच दिशेचं आहे: विकराची वाढलेली ताकद त्याच्या चुकांचा वाटा फुगवते. मला स्वतःला हे पटतं, कारण नळीतला आणि पेशीतला विरोधाभास सोडवणारं दुसरं इतकं साधं कारण समोर आलेलं नाही.

विजोड दुरुस्ती करणारी प्रथिनं या गाठींमध्ये बहुधा शाबूतच असतात. ती झोपलेली नाहीत. त्यांच्याकडे येणारा माल त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो, एवढंच.

चुकांचा ठसा

पी२८६आरच्या चुका कुठेही विखुरलेल्या नसतात. टीसीटी या तीन अक्षरांच्या मधल्या सीचा ए होणं आणि टीसीजीमधल्या सीचा टी होणं, हे दोन बदल इतक्या ठळकपणे वर येतात की उत्परिवर्तनांची यादी पाहूनच विकराचं नाव सांगता येतं.

याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. पूर आलेल्या गाठीत पीओएलई जनुकातही भरकटलेले बदल सापडतातच. ते पुराचे बळी असतात, कारण नव्हे. विजोड दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीतही पीओएलईमध्ये एखादा निरुपद्रवी बदल दिसतो आणि अहवाल लिहिणारा त्याच्यावर ठपका ठेवून मोकळा होतो. म्हणून २०२० साली अस्तराच्या कर्करोगासाठी छाटणीच्या भागातले अकरा बदल रोगकारक म्हणून निश्चित करण्यात आले. पी२८६आर आणि ४११ व्या जागचा बदल अर्थातच त्यात आहेत.

इथे चूक महागात पडते, कारण रोग पुढे कसा वागतो याचा निकाल उलटा आहे. एवढी उत्परिवर्तनं असलेली गाठ भयंकर असेल असं वाटतं, पण पोर्टेक-३ या अस्तराच्या कर्करोगावरच्या उपचार-चाचणीतल्या गाठींचं रेण्वीय वर्गीकरण २०२० साली छापलं गेलं तेव्हा, जास्त जोखमीच्या रुग्णांतही, पीओएलई गटातल्या ९८ टक्के रुग्णांत पाच वर्षांत रोग उलटला नव्हता. पी५३ हे गाठींना आवर घालणारं प्रथिन बिघडलेल्या गटात हे प्रमाण ४८ टक्के होतं. बदललेल्या प्रथिनांची एवढी गर्दी प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटत नाही, हे त्याचं सर्वांत मान्य कारण. २०२३ साली फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कर्करोगाचे टप्पे ठरवताना पहिल्या दोन टप्प्यांतल्या अशा गाठींना वेगळं, सौम्य स्थान दिलं. म्हणजे २८६ व्या जागचा तो बदल अहवालात नीट वाचला गेला तर एखाद्या बाईचे पुढचे जड उपचार टळू शकतात, आणि भलत्याच बदलाला पीओएलई गटात बसवलं तर गरजेचे उपचार राहून जाऊ शकतात.

अहवाल तपासायला आला की मी आता क्रम ठरवून टाकला आहे. आधी बदल त्या अकरांत आहे का ते पाहायचं. मग टीसीटीतून टीएटी झालेल्या जागा मोजायच्या. बदल यादीत आहे आणि ठसा नाही, असं निघालं तर नमुना पुन्हा वाचायला पाठवायचा. आणि अहवालात ‘मुद्रितशोधन बंद’ असं कुणी लिहिलं असेल, तर तिथे लाल पेन चालवायचं.